भोईरबाई आणि बिनमालकाचं जाळं

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला एक राखाडी डबी बांधलेली आहे. लादीपावातल्या एका पावाएवढी. वर वीतभर काळी काडी. नवीन भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात विचारतोच, ‘काका, हे काय? मोबाइल टॉवर तर नाही ना?’ मी म्हणतो, नाही, ते भोईरबाईंचं आहे. मग कोण भोईरबाई, हे सांगावं लागतं आणि सांगायला बसलं की चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

मंदा भोईर हे त्यांचं नाव. अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची चार मजली बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या आणि त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावर आम्ही. लग्न केलं नव्हतं. का, ते मी वीस वर्षांत विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमचं जमायचं ते त्यामुळेच असावं.

एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. मीही एमआयडीसीतच, पण दुसऱ्या कंपनीत, परचेसला. म्हणजे ओळख होण्याआधी दहाएक वर्षं मी त्यांचा आवाज ऐकत होतो. ‘बोला,’ असा आवाज यायचा. हॅलो नाही, नमस्कार नाही, कंपनीचं नाव नाही. नुसतं ‘बोला.’ दाराची बेल वाजवली तरी त्या दार उघडायच्या आधी आतून ‘बोला’ म्हणायच्या. दूधवाला आणि सोसायटीचा वॉचमन दोघंही त्यांच्या दारासमोर उभं राहून बंद दाराशी सगळं बोलून मोकळे व्हायचे.

बुटक्या, सावळ्या, कानामागे पेन्सिल. पेन्सिल आंघोळीच्या वेळी काढत असाव्यात, एरवी नाही. दुसऱ्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं तरी चेहरा कोरा. आमच्या जिन्यात एकदा नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, शिव्या अशा की मी कान टवकारून उभा. बाई भाजीची पिशवी घेऊन त्या दोघांच्या मधून वर गेल्या. मी नंतर विचारलं, ‘ऐकलंत का हो?’ तर म्हणाल्या, ‘बोर्डावर बसणाऱ्याला कान असतात. ऐकू येत नाही.’

त्या बोर्डाबद्दल मात्र भरभरून बोलायच्या. ‘मला एकदा टायफॉइड झाला,’ त्या सांगायच्या. ‘अठरा दिवस. माझ्या जागी डिस्पॅचचा पोरगा बसवला. त्याने मोठ्या साहेबांची लाइन कँटीनला जोडली. साहेब विचारतायत मालाचं काय झालं, आणि आचारी सांगतोय आज वांगं आहे. अख्खा कारखाना मुका हो! मी घरी पडल्या पडल्या विचार केला, ही काय व्यवस्था झाली? एका बाईला ताप आला म्हणून पाचशे माणसं मुकी?’

पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले. बोर्ड काढला आणि बाईंना स्टोअर्समध्ये गास्केट मोजायला बसवलं. शेवटची सात वर्षं त्यांनी गास्केट मोजली. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलत नसत.

आता मुख्य गोष्ट. बाईंची एक थोरली बहीण होती, वांगणीला. बाई तिला ताई म्हणत, म्हणून आम्हीही ताईच म्हणायचो. पंच्याहत्तरीच्या पुढची, विधवा, मुली आपापल्या सासरी. उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर तिचं घर, भोईरांचंच वडिलोपार्जित, पण उंच जोत्यावरचं. पूर्वी आजूबाजूला भातखाचरं होती. आता खालच्या खलाटीत स्वस्तातल्या खोल्या उठल्या होत्या आणि त्यात सगळे भाडोत्री. ताईला ते लोक आवडत नसत. पण ती घर सोडायलाही तयार नसे. बाईंनी दहा वेळा सांगितलं, माझ्याकडे ये. ती म्हणे, ‘मना काय धाड भरलीय? तुझ्या त्या खुराड्यात मी नाय यायची.’

एका पावसाळ्यात नदीला पाणी आलं. वीज गेली, मोबाइल गेले, दोन दिवस वांगणीशी काही संपर्क नाही. ते दोन दिवस बाई खिडकीत बसून होत्या, मांडीवर फोन. जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलातून ताईच्या दारात पोचल्या, तर ताई पडवीत बसून वाल सोलत होती. वर मान करून म्हणाली, ‘एवढ्या चिखलातून कनाला आलीस?’

हे मला सांगताना बाई हसल्या. मग म्हणाल्या, ‘मला तिच्याकडून दुसरं काही नको हो. ती आहे, एवढं रोज कळलं पाहिजे. मोबाइल असो नाहीतर नसो.’

मी म्हटलं, मोबाइल नसताना कसं कळणार, कबुतर पाळताय का? त्यांनी कानामागची पेन्सिल काढून काहीतरी लिहायला घेतलं. मी खाली आलो.

दोन महिन्यांनी त्यांनी मला वर बोलावलं. टेबलावर सहा डब्या मांडलेल्या. शेजारी दोनशेपानी वही, तिच्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक दोन तीन करून पायऱ्या लिहिलेल्या. रोज दुपारी इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले आणि मराठीत उतरवून काढले, असं कळलं. प्रत्येक डबी म्हणजे एक छोटा रेडिओ. आपल्या मोबाइलवर निरोप लिहायचा, तो शेजारच्या डबीत जातो, डबी तो हवेत सोडते, लांबची दुसरी डबी पकडते आणि पुढे फेकते, ती तिसरीकडे. सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, महिन्याचा रिचार्ज नाही. सरकारचा परवाना लागत नाही अशा लहरींवर हे सगळं चालतं, आणि त्या नियमाचा कागद बाईंनी लॅमिनेट करून ठेवला होता.

‘याचं ऑफिस कुठे आहे?’ मी विचारलं. परचेसचा माणूस, दुसरं काय विचारणार?

‘ऑफिस नाही.’

‘मालक कोण?’

‘मालकच नाही. ज्याच्याकडे डबी तो आला जाळ्यात. एक बंद पडली तर निरोप दुसरीकडून जातो.’

‘आणि सगळंच बंद पडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?’

‘मला द्या,’ बाई म्हणाल्या आणि एक डबी माझ्या हातात ठेवली.

माझी निवड माझ्या हुशारीसाठी झालेली नव्हती. माझा मेव्हणा बदलापूरला एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो, एवढीच माझी लायकी. अंबरनाथहून वांगणी एका दमात गाठता येत नव्हती, मध्ये बदलापूर पाहिजे, आणि तेही उंचावर. मेव्हण्याकडे मी दिवाळीलासुद्धा नाइलाजाने जातो. पण बाईंनी ‘त्यांना माझा नमस्कार सांगा आणि गॅलरी कोणत्या दिशेला आहे ते विचारा’ असं म्हटल्यावर गेलो.

जाण्याआधी त्यांनी मला शिकवायला बसवलं. वहीतली पहिली पायरी लाल शाईने लिहिलेली होती: आधी काडी, मग बॅटरी. काडी म्हणजे अँटेना. ती न लावता डबी चालू केली तर आतली शक्ती बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि रेडिओ जळतो. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हटलं. घरी आलो, बायकोला रुबाबात दाखवायला म्हणून डबी उघडली आणि बॅटरी जोडली. काडी खोक्यातच.

वर जाऊन सांगितलं तेव्हा बाईंनी डबी कानाशी धरली, हलवली, खाली ठेवली. ‘गेली,’ म्हणाल्या. बस्स. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसरी डबी देताना मात्र काडी त्यांनी स्वतः पिळून बसवली आणि वर चिकटपट्टी मारली.

एक डबी कमी पडली म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्पात वासूशेठ म्हणून एका सिंधी माणसाचं मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान. जेमतेम तो एकटा मावेल एवढं, बाकी सगळे ग्राहक पायरीवर. पहिल्या सहाही बाईंनी त्याच्याकडूनच मागवल्या होत्या. बाईंना बघून तो उठून उभा राहिला.

‘आओ अम्मा, आओ. फिर वोही डब्बा? सच बताओ, इसमें गाना नहीं बजता, फोटू नहीं आता, बात भी नहीं होती. लोग लेंगे काहे को?’

‘लोग नहीं लेंगे. मैं लेगी.’

‘और वारंटी?’ मी मध्येच म्हटलं.

‘साईं, वारंटी दुकान की पायरी तक,’ वासूशेठ म्हणाला. ‘नीचे उतरा तो भगवान मालिक.’

बाई पायरीवरच बसल्या. तिथेच डबी उघडली, काडी लावली, बॅटरी जोडली, मोबाइलशी जुळवली, देश भारत निवडला, नाव घातलं, आणि पर्समधून दुसरी डबी काढून एकीतून दुसरीत निरोप टाकून बघितला. पाऊण तास. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. वासूशेठ आधी वैतागला, मग वाकून बघायला लागला, मग त्याने बाईंसाठी चहा सांगितला. शेवटी म्हणाला, ‘एक मेरे छत पे भी लगा दो अम्मा.’ अशा रीतीने जाळं भलत्याच दिशेला, उल्हासनगरकडे, वाढलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, ‘वाढू दे की. आपल्याला कुठे सांभाळायचंय?’

आमच्या गच्चीवर एक, मेव्हण्याच्या गॅलरीत एक लागली. वांगणीच्या अलीकडे टेकाडावर एक पोल्ट्री होती, तिथल्या टाकीवर एक, उन्हावर चार्ज होणारी. आणि शेवटची ताईच्या घरी. ताईला लिहिता येत नव्हतं, म्हणजे सहीपुरतं येत होतं. तिच्यासाठी बाईंनी साध्या जुन्या मोबाइलवर एकच तयार निरोप घालून ठेवला. बोट लावलं की जायचा. निरोप होता, ‘आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाईंच्या मोबाइलवर अक्षरं उमटली. ताई: आहे. बाई धावत खाली माझ्याकडे आल्या. पायात चप्पल नव्हती. मला स्क्रीन दाखवली आणि वर गेल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सात. आहे. आहे. आठ वाजून पाच मिनिटं झाली तरी वरच्या मजल्यावर येरझाऱ्या सुरू व्हायच्या. माझ्या डोक्यावरच त्यांची जमीन, मला सगळं कळायचं.

मग बिल्डिंगला हौस आली. मोबाइल बंद पडलेले दोन दिवस सगळ्यांच्याच लक्षात होते. बघता बघता आमच्या आणि शेजारच्या दोन बिल्डिंगा मिळून, बाईंची आणि गच्चीवरची सोडून, पंधरा डब्या झाल्या. बाईंनी प्रत्येकाच्या घरी जाऊन शिकवलं. नियम दोनच. आधी काडी, आणि निरोप आखूड. कारण एका निरोपात जागा मोजकी, त्यात मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातं. आमचे चेअरमन सावंत रोज सकाळी फुलांच्या भाषेत सुप्रभात घालायचे, ते अर्ध्यात तुटायचं. बाईंनी त्यांना सांगितलं, ‘सकाळ झालेली सगळ्यांना दिसते.’

एका रविवारी मोठी चाचणी ठरली. सगळ्यांनी सकाळपासूनच डब्या चालू ठेवायच्या आणि बाई ताईला निरोप धाडणार. दहा वाजता धाडला. गेला नाही. पुन्हा धाडला. नाही. ताईकडून सकाळचं ‘आहे’सुद्धा आलेलं नव्हतं. सावंत म्हणाले, चायनीज माल, दुसरं काय. बाई मात्र एकेकाचा मोबाइल मागून घेऊन बघायला लागल्या. चौथ्या मोबाइलला त्यांनी कपाळावर हात मारला.

त्याचं असं होतं. प्रत्येक डबीला ॲपमध्ये एक काम नेमून द्यायचं असतं. साधी डबी स्वतःचं बोलते, आणि दुसऱ्याचा निरोप कुणीच पुढे नेत नसेल तरच नेते. राउटर मात्र कानावर पडलेला प्रत्येक निरोप पुढे फेकतो, म्हणून तो अख्ख्या गावात एखादाच, उंचावर हवा. आणि आमच्या पंधरापैकी चौदा जणांनी स्वतःला राउटर केलं होतं! साधं राहायला कोणी तयार नाही. एकाने केलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने केलं म्हणून तिसऱ्याने. चौदा जण एकाच वेळी तोच निरोप ओरडत होते आणि त्या कल्लोळात एकही धड जात नव्हता. पंधरावा साधा मी होतो, तेही मला ते बदलायचं कुठे हे सापडलं नाही म्हणून.

बाई दारोदार फिरल्या. तेरा जण कुरकुरत खाली उतरले. सावंत अडले. ‘बाई, मी चेअरमन आहे. माझी साधी कशी असेल? लोक काय म्हणतील?’

बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्या हातातून मोबाइल घेतला, काम साधं केलं आणि डबीचं नाव बदलून ‘अध्यक्ष’ ठेवलं. आता सगळ्यांच्या यादीत सावंतांची डबी ‘अध्यक्ष’ म्हणून दिसायला लागली. सावंतांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘हां, हे बरोबर आहे.’ संध्याकाळी सातला ताईचं ‘आहे’ आलं.

पुढच्या वर्षी जुलैअखेरीस पाणी आलं ते असं की आमच्या इथल्या नाल्यानेही पात्र सोडलं. पहाटेच वीज गेली. नऊपर्यंत मोबाइलच्या रेंजच्या सगळ्या कांड्या गेल्या. आणि सकाळी आठचं ‘आहे’ आलेलं नव्हतं.

बाई गच्चीच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. मोबाइल मांडीवर, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मी गेलो तेव्हा म्हणाल्या, ‘पोल्ट्रीची डबी जिवंत आहे. ताईची पण यादीत दिसतेय. चालू आहे. मग बोलत का नाही?’

दहा वाजता बिल्डिंग जिन्यात आली. कुणाची मुलगी बदलापूरला, कुणाचा भाऊ कात्रपला, सगळ्यांना निरोप धाडायचे. बाईंनी सगळ्यांना ओळीत बसवलं. एकेकाचा निरोप कापून आखूड करायच्या आणि सोडायच्या. बदलापूरला मेव्हणा होताच, तो आपल्या टॉवरमधल्या पोरांना निरोप घेऊन पळवत होता. स्वतःचा निरोप बाईंनी मध्ये घातला नाही. मी दोनदा खुणावलं. त्यांनी लक्ष दिलं नाही.

अकराच्या सुमाराला मोबाइल किणकिणला. ताईच्या डबीवरून निरोप. बाईंचा चेहरा असा उजळला की बस्स. मग त्यांनी वाचला आणि तो उजेड गेला. निरोप हिंदीत होता: ‘हम अठारा लोग ऊपर हैं. नीचे रूम में दो बुड्ढा फँसा है. पानी छाती तक. रस्सी भेजो.’

ताईला हिंदी लिहिता येत नव्हतं. ताईला काहीच लिहिता येत नव्हतं. डबी ताईची, आणि बोटं दुसऱ्या कुणाची तरी.

‘विचारा,’ मी म्हणालो. ‘ताई कुठे आहे ते विचारा.’

बाईंनी मेव्हण्याच्या नावाने लिहिलं: फायर ब्रिगेडला जा. वांगणी, भोईरांचं जोतं, दोन म्हातारे, दोर. मग सगळ्यांसाठी दुसरा: आता फक्त वांगणी बोलेल. बाकी सगळे गप्प. आणि खरंच सगळे गप्प झाले. सावंतसुद्धा.

मेव्हणा अकरा मजले उतरून गेला, भिजत परत चढून आला. लिफ्ट बंद. त्याने कळवलं: बोट निघाली. बाईंनी ते वांगणीला कळवलं. तिकडून आलं: ‘जल्दी. खिड़की तक पानी.’ बाईंनी विचारलं: खोली कुठली, छत पत्र्याचं का. उत्तर आलं, ते बदलापूरला. बोट नाक्यापाशी अडली असं ब्रिगेडच्या वायरलेसवर कळलं; रस्ता कुठून, हे बदलापूरहून वांगणीला आणि उत्तर परत बदलापूरला. दोन तास असं चाललं. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही, लिहिणारं बोट एकदाही अडखळलं नाही. पण पाय हलत होते, सारखे, लहान मुलाचे हलतात तसे.

मला राहवलं नाही. मी चक्क ओरडलो, ‘अहो, एक शब्द! ताई? एवढंच लिहायचं! दोन सेकंद लागतात!’

‘लाइन चालू आहे,’ बाई म्हणाल्या. ‘चालू लाइनीत आपलं घुसडायचं नाही.’

‘खड्ड्यात गेली तुमची लाइन! तुमची सख्खी बहीण आहे ती!’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. ‘आणि ते दोघं कुणाचेच नाहीत का?’ एवढं म्हणून पुन्हा मान खाली घातली. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही गेला नाही.

सव्वा वाजता आलं: ‘दोनों बुड्ढा मिल गया. सब ऊपर.’

जिन्यात कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी हात वर करून थांबवलं. मेव्हण्याला कळवलं. मग पदराने मोबाइलची काच पुसली आणि लिहिलं: ताई?

आम्ही सगळे त्या काचेकडे बघत होतो. निरोप गेल्याची खूण आली. मग काही नाही. एक मिनिट. दोन. गच्चीच्या दारातून पाणी आत येत होतं, कुणी उठून दार लोटलं नाही. चार मिनिटं झाली असतील.

‘दादी चूल्हे पे सबका चाय बना रही है. सुबह मशीन मेरे को दिया, बोली तू लिख. शक्कर खतम, गुड़ डाला है.’

बाईंनी तो निरोप वाचला. पुन्हा वाचला. मग मोबाइल माझ्याकडे दिला, तोंडावर पदर घेतला आणि हुंदके देऊन रडल्या. सगळ्या बिल्डिंगसमोर. वीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. रडता रडताच त्या शिव्या घालत होत्या, आणि त्या वांगणीच्या बोलीत, जी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती: ‘सटवी! जाता जाता एक बोट लावाला काय व्हत व्हतं तुना! भाडोत्र्यांना चाय पाजतंय, आन् मी हिकरं मेली क!’ मग नाक शिंकरलं, कानामागची पेन्सिल चाचपली आणि ओळीकडे बघून म्हणाल्या, ‘हं, पुढचं कोण?’

यानंतर त्यांनी दोन महिन्यांत आपली इथली खोली भाड्याने दिली. मला वाटलं होतं, आता त्या जाळं आणखी वाढवतील. तर म्हणाल्या, ‘ती आहे एवढं कळलं की पुरे, असं मी म्हणत होते ना? ते काही खरं नव्हतं. पुरत नाही ते. आता आहे तोवर तिच्या शेजारीच राहते. तिला आवडो न आवडो.’

गणपती झाल्यावर टेम्पो आला. सामान फार नव्हतंच. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर त्यांची डबी, काडी खिडकीबाहेर. मी खाली उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, ‘आता इथलं कोण बघणार?’

‘कुणीच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाला बघायला लागू नये म्हणून तर उभं केलं.’ आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘चला.’

मी वर आलो. काही काम नव्हतं म्हणून मोबाइल उघडला. यादीत नाव होतं, भोईर, आणि पुढे ‘थेट’. म्हणजे मध्ये कोणी नाही, गच्चीवरची डबी त्यांना अजून ऐकत होती. थोड्या वेळाने ‘थेट’ गेलं आणि आलं, एक उडी. मेव्हण्याच्या गॅलरीवरून. मग दोन उड्या. पोल्ट्रीच्या टाकीवरून. मग नावच फिकट झालं. शेवटचं ऐकू आलेलं, बावीस मिनिटांपूर्वी. मग चाळीस. मग एक तास.

बायकोने जेवायला हाक मारली. मी म्हटलं, तू घे वाढून. रस्ता खराब असेल, टेम्पो पंक्चर झाला असेल, त्यांनी डबी बंद केली असेल. सगळं मला कळत होतं. तरी मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसलो. फोन करता आला असता, मोबाइलला चांगल्या चार कांड्या होत्या. का केला नाही, ते मला आजही सांगता येत नाही. असं बसल्यावर काय होतं माणसाचं, ते मला त्या दुपारी कळलं. त्या दिवशी जिन्यात मी बाईंवर ओरडलो होतो, त्याचं इतकं वाईट वाटलं की सांगायची सोय नाही.

तीन वाजता मी लिहिलं: बाई?

सव्वातीनला उत्तर आलं: ‘आहे. ताईने भांडण काढलंय.’

मग मी जेवलो.